तळाचं पीठ

सोमवार, १४ सप्टेंबर १९८१

चिंधूजी माह्या दारात उभा राहून खेकसून गेला, सगळा मोहल्ला कान देऊन होता. म्हणे, "काय खाऊ घातलंस माह्या नातीले?" मी काय घरून आणलं होतं ते पीठ? सरकारनं दिलं, गोदामवाल्यानं मोजलं, चिंधूजीच्याच बंडीत गावात आलं, मी फक्त भाजलं. इतक्या हातांतून गेलं आणि बोट दाखवाले शेवटचा हात सापडला. हापशीवर गेली तं दोघीजणी घागरी उचलून बाजूले सरकल्या. एक म्हणते, "आम्ही तं म्हणतच होतो, यांच्या हातचं नको." म्हटलं, अडीच वरसं तुहा नातू माह्या हातचं खाऊन गुबगुबीत झाला तेव्हा कोणाचा हात होता वं, तुहा?

पुष्पाबाई, मी जिथं पोरांसाठी रांधते त्या बालवाडीच्या बाई, शनिवारीच माहेरी निघून गेल्या. शिकलेली माणसं पळण्यात हुशार. जाता जाता मले सांगून गेल्या, "सत्यभामाबाई, चौकशी होईल. काय काय झालं ते तारखेनं लिहून ठेवा, नाही तर तिथं रागात भलतंच बोलाल." म्हणून लिहून राहिली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गातली वही आहे. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं त्या वर्गात. शुद्धलेखन कोणी तपासू नये.

झालं ते असं. जुलैत यायचा तो पिठाचा बोरा नाल्याच्या पुरानं अडला. गुरुवारी, दहा तारखेले, चिंधूजीनं बंडी नेऊन गोदामातून आणला. एक बाजू ओलसर होती. मी तो पिंपात ओतला. शुक्रवारी सुकडी केली, गूळ घालून, नेहमीसारखी. एकोणतीस पोरं होती. घरी पोचेपोचेपर्यंत अकरा पोरं ओकाले लागली. दहा दुसऱ्या दिवशी उठून चिखलात खेळली. धुरपताची रुखमी उठली नाही. चार वर्षांची पोरगी, अंगात आधीच काही नाही. तिले बंडीनं करडी गावाले आणि तिथून एसटीनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. धुरपता तिथंच आहे.

धुरपता चिंधूजीची सून. गावातल्या बायांपैकी तिनंच पहिल्यांदा पोरगी माह्या हातचं खायले पाठवली, घरची ताटली न देता. सासरा तेव्हा आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. ते मी विसरत नाही.

बुधवार, १६ सप्टेंबर

बोरा मी जपून ठेवला आहे. रिकामा झाल्यावर त्याची पिशवी शिवतो आम्ही, पण हा घडी करून ट्रंकेत टाकला. त्याच्यावर शिक्का आहे. पीठ कधीपर्यंत चालते ते त्याच्यावर लिहिलेलं असते असं पुष्पाबाई एकदा म्हणाल्या होत्या. हाच पुरावा. कोणाच्या हातात देणार नाही.

तो घेऊन आज गोदामात गेली. बाबुलाल तिथला राखणदार. पानानं तोंड भरलेलं.

"बाबुलाल, सडका बोरा दिला तू आम्हाले."

"सडा हुआ? बाई, शिक्का देखो ना. तारीख छापेली है."

"पाहिली."

"पढता येते का?"

"येते."

"तो पढो." आणि बोट ठेवलं त्या शिक्क्यावर.

आकडे होते, पण इंग्रजी. आम्हाले वर्गात मराठी शिकवले. दोन हमाल पाहून राहिले होते. मी म्हटलं, "हे पाय, जुनी तारीख आहे. मागच्या वर्षाची." बाबुलाल इतका हसला का पानाचा रंग सदऱ्यावर उडाला. हमाल पण हसले. म्हणे, "बाई, तुम्ही कलेक्टर व्हा."

हसला म्हणजे मनात चोर आहे. खरं माणूस अशा वेळी चिडते, हसत नाही. माही खात्री झाली.

निघताना वरून विचारते, "पीठ किती दिवस टिकते, मालूम तरी है का?" मले विचारते!

गुरुवार, १७ सप्टेंबर

रात गेली पण त्या बाबुलालचा सवाल डोक्यातून गेला नाही. मले कोणी शिकवू नये. गव्हाचं पीठ पावसाळ्यात पंधरा दिवस, मग जाळं धरते. उन्हाळ्यात महिना चालते. लाखोळीची डाळ चैतात भरडून राखेत ठेवली का दुसऱ्या चैतापर्यंत पाहायले नको. सांडगे, वड्या वर्षभर. लोणचं दोन वरसं, पण ओला चमचा गेला तं दोन दिवस. सुके झिंगे पोळ्यानंतर घरात ठेवायचे नाहीत, कितीही वास चांगला असो. जवसाचं तेल जिभेले टोचलं का दिव्याले. तांदळाचं उलटं. नवा तांदूळ पोट बिघडवते, बाळंतिणीले आणि पाहुण्याले जुना शिजवतात, दोन वर्षांचा. जुनं झालं का धान बसते, मुरते, पोटाले हलकं होते. हे आमच्याकडं शेंबड्या पोराले माहीत आहे.

आणि सरकारी पीठ काही असं तसं ठेवलेलं नव्हतं. पिंप टिनाचं, झाकणाचं, उंदीर शिरत नाही. माह्या मायनं धानाची ढोली कधी रिकामी होऊ दिली नाही. बांबूची ढोली, शेणानं सारवलेली. नवं धान यायच्या आधी तळाले पायलीभर ठेवायचंच, त्याच्यावर नवं ओतायचं. ती त्याले लक्ष्मी म्हणायची. आम्ही सन छप्पनले नागपूरले जाऊन देव सोडले, लक्ष्मीही सोडली, तसबिरी नाल्यात टाकल्या. पण ढोली रिकामी करायची नाही हे सोडलं नाही. मी त्याले बरकत म्हणते. घर अडचणीत आलं तं तेवढं तरी असते. बालवाडीच्या पिंपात पण पहिल्या दिवसापासून तळाले दोन पायल्या ठेवून आहे. कधी हात लावला नाही.

या खेपेले तेवढं कामी आलं. बोरा उशिरा आला, वरचं सगळं संपलं होतं. नवा बोरा ओतला तं गठुळ्या झालेल्या, म्हणून खालून वर हातानं चांगलं कालवलं. एका बोऱ्यात पुढची खेप येईपर्यंत भागलं नसतं, तळाचं मिळून भागलं असतं. हे कोणी सांगत नाही.

शनिवार, १९ सप्टेंबर

रुखमी गेली. काल चार वाजता. आज सकाळच्या गाडीनं आणली.

मी गेली. दारात चिंधूजी बसला होता, मले पाहून मान खाली घातली. खेकसला असता तं बरं होतं. बाया वाटेतून सरकल्या नाहीत. धुरपता आतमध्ये होती, दिसली नाही. पोरीले नदीकाठी नेलं, लहान लेकरू म्हणून मातीत ठेवलं. मी बांधावर उभी राहिली. तिचा परकर सोडून काही दिसत नव्हतं, पिवळा. तो मीच मागच्या वर्षी पिठाच्या बोऱ्याची पिशवी देऊन बदल्यात शिवून घेतला होता तिच्यासाठी.

घरी आल्यावर चूल पेटवली नाही.

रविवार, २० सप्टेंबर

तेजराम आला. माहा पोरगा, पवनीकडं प्राथमिक शाळेत मास्तर आहे. बातमी ऐकून सुट्टीच्या दिवशी पहिली गाडी धरली. मी ट्रंकेतून बोरा काढून त्याच्यापुढं ठेवला. "वाच. आणि कागदावर लिहून दे, मोठ्या साहेबाले दाखवते."

त्यानं वाचलं. पुन्हा उजेडात नेऊन वाचलं.

"आई, यावर पुढच्या वर्षाची तारीख आहे. नोव्हेंबर ब्याऐंशी."

"नीट पाय."

"पाहिलं ना."

"पुसट झालं असन."

"आई, शिक्का अगदी साफ आहे. बोरा एका कोपऱ्यात ओला झाला असेल, पण पीठ जुनं नाही."

गोदामात बोलली ते डोळ्यांपुढं आलं. हमाल हसले ते. सांगितलं नाही त्याले. म्हटलं, मग गुळात काही असन. म्हणे गूळ तर तुम्ही घरीही खाल्ला. पाणी? म्हणे पाणी सगळं गाव पिते. मग त्यानं विचारलं, "तू पिंप कसं भरतेस, सांग बरं मले सगळं." मी सांगितलं, वर लिहिलं आहे तसंच. बरकतीचं पण सांगितलं. तांदळाचं पण. म्हटलं, जुनं होतं ते तर पोटाले हलकंच.

म्हणे, "आई, दाण्याले कातडं असते. पीठ म्हणजे सोललेला दाणा."

हे काय बोलणं? मास्तर झाल्यापासून असंच कोड्यात बोलते. जेवला पण नाही नीट. मी म्हटलं, तब्येत बरी नाही का? म्हणे, बरी आहे. बालवाडीची किल्ली कुठं ठेवतेस विचारलं. खुंटीवर, म्हटलं.

सोमवार, २१ सप्टेंबर

आज मी त्याले चार शिव्या दिल्या, गाडीवर चढेपर्यंत.

मी सकाळी लाकडं आणाले गेली होती. आली तं बालवाडीचं दार उघडं. पिंप आडवं पाडलं होतं, आतून राखेनं घासलेलं, उन्हात चकाकून राहिलं. पिठाचा एक कण तळाले नाही. अडीच वर्षांत पिंप रिकामं मी पहिल्यांदा पाहिलं. मले वाटलं कोणी माह्या पोटात हात घातला.

"तेजराम, हे काय केलं रे तू? बरकत सगळी फेकून दिली?"

"आई, चौकशीचा साहेब येणार आहे तर पिंप साफ पाहिजे."

"साफ पाहिजे तं वरून पुसायचं. तळाचं कायले काढलं? कुठं टाकलं?"

"टाकलं. नको विचारू."

"बावीस प्रतिज्ञा मले म्हणून दाखवते आणि अन्न उकिरड्यावर टाकते. कोणती प्रतिज्ञा आहे ही?"

त्याच्या नखांत राख होती. चाळीस पोरांले शिकवणारा माणूस, आणि माह्याकडं पाहून बोलत नव्हता. म्हणे, "कोणी विचारलं तर तळाले काही ठेवत होती असं सांगू नको. फक्त एवढं ऐक." आणि गेला.

ऐक म्हणे. पंचवीस वरसं मी सांगितलं ते यानं किती ऐकलं.

बुधवार, २३ सप्टेंबर

यादोराव आले. आमच्या मोहल्ल्यात त्यांचा शब्द चालते, विहाराची किल्ली त्यांच्याकडंच. खाटेवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"सत्यभामा, शुक्रवारी साहेब येऊन राहिला. बोरा ओला होता एवढंच सांगायचं."

"ओला होताच ना जी."

"तेवढंच. दुसरं काही नाई. तेजरामचं माह्याशी बोलणं झालं."

"काय बोलला तो?"

"ते राहू दे. तुले समजत नाई का बाई, हा तुह्या एकटीचा हात नाई. आपल्या बाईच्या हातचं गावानं खाल्लं, याले किती वरसं लागली? एकदा तुह्या हातानं झालं असं ठरलं तं पुन्हा आपली कोणी त्या चुलीजवळ जाणार नाई. तुही नात पण नाई."

मी म्हटलं, माह्या हातानं झालंच नाही तं ठरन कसं? यादोराव दाराकडं वळले. चप्पल घालताना म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, बोरा."

सगळे माह्याशी असं बोलून राहिले जसं मी आजारी आहे आणि मले सांगायचं नाही.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

साहेब आला. जीपमध्ये दोन आणखी माणसं. तरुण आहे, बोलणं पुण्याचं. पिंपात डोकं घालून पाहिलं, बोटानं तळ पुसला, बोट पाहिलं. म्हणे, "भांडं उत्तम स्वच्छ ठेवलंय. बाई, असं सगळीकडे असतं तर बरं झालं असतं." गावासमोर म्हटलं. हापशीवरच्या त्या दोघी तिथंच होत्या.

बोरा पाहिला, तारीख पाहिली, ओला डाग पाहिला. म्हणे मुदतीतलं पीठ वाटेत भिजलं, बुरशी आली. मले विचारलं, "नवं पीठ रिकाम्या पिंपात ओतलं होतं ना?"

यादोराव माह्याकडं पाहून राहिले होते. मी मान हलवली. कशी हलवली ते मलेही माहीत नाही, हो म्हणून का नाही म्हणून. साहेबानं हो लिहिलं.

म्हणे बाबुलालले कामावरून बाजूले ठेवतो, त्यानं झाकल्याशिवाय माल बंडीत दिला. आणि सोमवारी, ५ ऑक्टोबरले, नवा बोरा येईल, बालवाडी पुन्हा सुरू करा, हीच बाई करेल.

जिंकली मी. सगळं जसं मी पहिल्या दिवशी म्हटलं तसंच कागदावर आलं. घरी येऊन भाकर थापाले बसली तं पीठ मळताना हात थांबला. वास घेतला. चांगलं होतं. तरी ते गाईपुढं टाकलं.

रविवार, २७ सप्टेंबर

आज धुरपता आली. पहिल्यांदा आमच्या मोहल्ल्यात एकटी. उंबऱ्यावर बसली. पाणी दिलं, पिली.

म्हणे, "मावशी, रुखमी कायनं गेली, तेवढं सांग."

म्हटलं, "साहेब बोलला ना बाई. बोरा भिजला."

"बोरा तं मामाजीनं आणला."

मामाजी म्हणजे तिचा सासरा, चिंधूजी.

"नाल्यात बंडीचं चाक फसलं होतं म्हणतात. उतरून ढकलत होते, तेव्हा मागून पाणी आलं. घरी येऊन सांगितलंही नव्हतं. आता म्हणतात, मीच नातीले मारलं. शुक्रवारपासून अन्न घेतलं नाई. गोठ्यात बैलाजवळ बसतात. ह्यांनी ओढून आणलं तं परत जातात. म्हणतात, मी त्या सत्यभामेच्या दारात जाऊन ओरडलो, आणि तिनं साहेबाले साफ पिंप दाखवलं." मग म्हणे, "माही पोरगी तं गेली. आता म्हातारा जाईन. तू सांग मावशी, एवढ्याशा ओल्यानं एका रात्रीत पीठ खराब होते का? तुले कळते. गावात तुह्यासारखं पिठाचं कोणाले कळत नाई."

गुरुवारी बोरा आला. शुक्रवारी सुकडी. एक रात्र.

मी म्हटलं, "मी तुले रविवारी सांगते. चार तारखेले. तोवर त्यांले सांग, सत्यभामेनं जेवाले सांगितलं."

"ते तुहं ऐकतील?"

"सांगून पाय."

एका रात्रीत नाही होत. दोन दिवस लागतात, कधी तीन. हे मी तिथं बसल्या बसल्या जाणत होती.

सोमवार, २८ सप्टेंबर

बालवाडीच्या मागं खताचा खड्डा आहे. तेजरामनं वरून माती ओढली होती, पण त्याले कुदळ धरता येत नाही, वरवर ओढली. हातानं उकरलं. पीठ पावसानं चिकट झालं होतं. मले वाटलं, पावसानंच खराब झालं असन, याच्यावरून काय समजते. मग एक गोळा सापडला, पिंपाच्या तळाच्या वळणाचा, गोल, विटेसारखा कडक. आत पाऊस पोचला नव्हता. दगडावर फोडला.

आत हिरवं होतं. काळसर हिरवं, मधोमध पांढरं, केसांसारखं. अडीच वरसांचं ते. वास असा होता का मी हात लांब धरला. पिंपात हा वास मले का नाही आला? वर नेहमी नवं असायचं म्हणून? भाजताना गुळाच्या वासात दबला? मी खालून वर कालवलं ना. माह्या हातानंच. कोपरापर्यंत.

पण ओला बोरा पण होता. तो पण खरा आहे. मले नक्की माहीत नाही, आणि माहीत नसताना मी एकदा गोदामात तारीख वाचून दाखवली आहे.

बोऱ्याच्या शिवणीत मूठभर नवं पीठ अडकलेलं होतं, ते झटकून काढलं. दोन पुड्या बांधल्या. उद्या सकाळच्या एसटीनं मी स्वतः भंडाऱ्याले जाऊन साहेबाच्या टेबलावर ठेवते. यादोरावले विचारणार नाही. तेजरामले कळवणार नाही, त्याची नोकरी आहे, त्याले नंतर कळन. चिठ्ठी लिहिली ती इथं पण उतरवून ठेवते:

"साहेब, तुम्ही पिंप साफ म्हटलं. ते माह्या पोरानं आदल्या सोमवारी घासलं होतं. पिंप रिकामं नव्हतं. तळाले अडीच वर्षांचं पीठ होतं, ते मीच ठेवलं होतं आणि मीच नव्या पिठात कालवलं. पोराचं काही नाही, त्यानं आईले वाचवलं. बाबुलालचं काय ते तुम्ही पाहा, मी त्याले खोटं बोलली. लाल दोऱ्याची पुडी तळाची आहे. पांढऱ्या दोऱ्याची ओल्या बोऱ्यातली. दोन्ही तपासा. कोणत्या पुडीनं लेकरू गेलं ते मले शनिवार, ३ ऑक्टोबरपर्यंत कळवा. रविवारी मले एका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन सांगायचं आहे, तो जेवत नाही. सोमवारी बालवाडीत नवा बोरा येईल, तुमचं उत्तर येईपर्यंत मी तो फोडणार नाही आणि कोणाले फोडू देणार नाही. तुमचं उत्तर नाही आलं तरी रविवारी मी जाणारच, आणि जे मले वाटते तेच सांगीन. लाल का पांढरी, एवढं एकच लिहा. शनिवारपर्यंत. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात."